मिल रोडचं फाटक

"हे फाटक कुणी बसवलं?"

चर्चच्या तळघरात क्लबची छोटी रेल्वे मांडलेली होती. चोपन्न सालच्या ऑक्टोबरातलं त्यांचंच गाव, हुबेहूब. लोक बघायला येण्याची वेळ झाली होती आणि ओपल क्लाइनला नेमकं आत्ताच मिल रोडच्या क्रॉसिंगवर ते काडीएवढं फाटक दिसलं. तिच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ!

"मी बसवलं," व्हर्नन म्हणाला. त्याने याच मार्गावर जन्मभर इंजिन चालवलं होतं. "गाडी आली की आपोआप पडतं. बघ तरी."

"फोटो?"

क्लबचा नियमच होता तो. त्या वेळचा फोटो नाही, तर मांडणीत जागा नाही. या नियमापायी ओपलने खुद्द पाद्रीबाबांनी मांडणीत लावलेलं चिमुकलं झाड उपटून त्यांच्या हातात दिलं होतं.

"फोटो कशाला हवा? मी रोज जायचो तिथून."

"उन्हाळ्यात मोडलं होतं ते," ओपल म्हणाली. "नवीन बसलं ते ऑक्टोबरात, माझा भाऊ रे गेल्यावर, रातोरात."

सगळ्यांच्या नजरा मांडणीकडे वळल्या. क्रॉसिंगच्या अलीकडे एक हिरवी मोटार उभी होती. ओपलने ती भावाची म्हणून स्वतः रंगवलेली. फाटक बंद होतं, दारूच्या नशेत रे ते तोडून रुळांवर आला आणि गाडीखाली सापडला, असं कंपनीने कोर्टात सांगितलं होतं. साक्षीदार एकच, इंजिनचा ड्रायव्हर व्हर्नन. गाव अजूनही रेला दारुड्याच म्हणत होतं.

"अहो, राहू द्या ना," सेक्रेटरी ड्वेन डोनटचं खोकं उघडत पुटपुटला. "पोरांना गंमत वाटेल."

"गंमत?" ओपलने गाडीचा कंट्रोलर व्हर्ननच्या हातात कोंबला. "चालव. दाखव मला गंमत."

व्हर्ननने बटण फिरवलं. धान्याच्या कोठाराला वळसा घालून गाडी सरळ रुळावर आली. फाटक वेळेवर पडलं, अगदी झोकात. आणि व्हर्ननचा अंगठा झटक्यात मागे आला. गाडी क्रॉसिंगच्या वीतभर अलीकडे थांबली.

 फाटक बंद म्हणजे गाडीला वाट मोकळी; ते बघून ड्रायव्हर गाडी थांबवत नसतो, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

म्हाताऱ्याच्या मानेवर घाम आला होता. त्याने टेबलावरचा चिमटा उचलला, फाटक उपटलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"नव्हतं फाटक," तो म्हणाला. "लिहून देतो, हवं तर." मग त्याचा आवाज चिरकला. "पण शिट्टी वाजवली होती मी, ओपल. देवाशपथ वाजवली होती."

ओपलने बोटाने हिरवी मोटार जराशी सरळ केली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "रेच्या जेवणासाठी घरी बटाटे सोलत होते मी. ऐकली होती."