एकास सत्त्याऐंशी

"काकाजी, तुमची कार मोठी हाय," नीलिमा म्हणाली.

बाबारावांनी मान वर केली नाही. टेबलावर प्लायवूडची फळी होती. फळीवर रूळ, रुळांना आडवा जाणारा रस्ता, रस्त्यावर दोन्हीकडे फाटकाचे लाल-पांढरे दांडे. दोन्ही दांडे खाली पडलेले. मधोमध, रुळांवर, खेळण्यातली एक पांढरी कार. हे सगळं बाबारावांनी पाच महिने खपून केलं होतं. उद्या ते अपघाताच्या चौकशीच्या साहेबांपुढे ठेवायचं होतं.

"मोठी म्हंजे?"

नीलिमा फाटकवाल्या मोतीरामची मुलगी. शाळेत गणित शिकवायची. अपघात झाल्यापासून मोतीराम आठ महिने घरी बसून होता. त्याची नोकरी राहते की जाते, ते उद्याच ठरणार होतं. तिला घरात येऊ दिलं हेच खूप झालं, असं बाबारावांना वाटत होतं. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"चौकशीतल्या तुमच्या अर्जाला ह्या फळीचा फोटू लावला हाय. तो पाहूनच मले शंका आली," ती म्हणाली. "ही खेळण्यातली रेल्वे हैदराबादहून मागवली ना तुमी? तिच्या खोक्यावर काय लिवलं हाय?"

"एकास सत्त्याऐंशी. खऱ्या रेल्वेचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. फाटक, रस्ता, सारं त्याच मापानं केलं म्या. तहसीलीत एकतीस वर्सं जमिनीच्या पैमाईशीचे, मोजणीचे कागद सांभाळले. मले माप शिकवून राह्यली तू?"

"फळी नेटकीच केली, काकाजी. कार कुठली?"

"बजारातली. खेळण्याच्या दुकानातली."

नीलिमाने कार उचलली आणि उलटी करून त्यांच्यापुढे धरली. पोटावर बारीक अक्षरं होती. एकास चौसष्ट.

"चौसष्टावा हिस्सा म्हंजे फळीच्या मापाहून मोठा. तुमची कार इथं जीपएवढी झाली," ती म्हणाली.

"बापाची वकिली करून राह्यली."

"मंग काय करू? दुसऱ्या कोनाचा बाप हाय का तो?"

बाबारावांनी तिच्या हातातली कार घेऊन पुन्हा रुळांवर ठेवली. अपघाताच्या दिवशी ते आणि त्यांची बायको मनकर्णाबाई नेरडीगोंड्याहून परत येत होते. फाटकाची घंटा वाजत होती. दांडा खाली येत असताना बाबारावांनी त्याच्याखालून कार आत घातली. रुळांवर आले, तेवढ्यात पलीकडचा दांडा पुरता खाली आला. दांड्याच्या अलीकडे कार मावायची नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी जागच्या जागी ब्रेक मारला. मागे पाहिलं तर मागचाही दांडा पडलेला. ते उतरून मनकर्णाबाईंच्या दाराकडे धावले. त्यांचा पट्टा निघता निघेना. मोतीराम फाटकाच्या खोलीतून ओरडत होता, कार पुढे घ्या, पुढे घ्या. मग रेल्वे आली.

मोतीरामने चौकशीत तेच सांगितलं. पुढे जागा होती, साहेब. दांड्याला टेकवली असती तर मावली असती.

ते ऐकून बाबाराव संतापले. एका बाईचा जीव गेला असताना माणूस इतकं खोटं कसं बोलतो, ते त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन फाटकावर गेले. रुळापासून दांड्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि ही फळी करायला घेतली. फळी झाल्यावर त्यांनी कारचं नाक पुढच्या दांड्याला टेकवलं आणि रेल्वे हाताने पुढे आणली. इंजीन कारच्या मागच्या भागावर आपटलं. त्या दिवशी, मनकर्णाबाई गेल्यापासून पहिल्यांदा, ते पोटभर जेवले. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ते एकदा कार पुढे ढकलत आणि रेल्वे आणत. रेल्वे रोज धडकायची. मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

नीलिमाने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत एक पांढरी कार होती, अर्ध्या बोटाएवढी.

"ही रेल्वेच्या मापाची हाय," ती म्हणाली. "माह्यावर इस्वास ठेवू नका. तुमीच मोजा."

बाबारावांनी पोलादी पट्टी घेतली. चाळीस मिलिमीटर. कागदावर सत्त्याऐंशीने गुणलं. तीन मीटर अठ्ठेचाळीस. मग कपाटातून त्यांच्या कारचे कागद काढले. विम्याच्या फायलीत होते ते. तिथे लांबी जवळजवळ तेवढीच लिहिलेली होती. त्यांनी गुणाकार पुन्हा केला. आकडा तोच आला.

"मी भाईर बसतो," नीलिमा म्हणाली, आणि ओसरीवर जाऊन बसली.

बाबारावांनी जुनी कार बाजूला केली. नवी कार रुळांवर ठेवली, जिथे त्यांनी ब्रेक मारला होता तिथेच. मग एका बोटाने ती पुढे ढकलली. फार ढकलावी लागली नाही. नाक दांड्याला टेकलं.

त्यांनी रेल्वे आणली. अगदी हळूहळू आणली. इंजीन कारच्या मागे आलं आणि तसंच पुढे गेलं. पहिला डबा गेला. दुसरा डबा कारच्या बरोबर मागे आला तेव्हा त्यांनी हात थांबवला.

डबा आणि कार यांच्यामध्ये त्यांनी करंगळी घातली. ती कुठेही अडली नाही.