वार्षिक सभा १९७१, मुक्काम शेवगाव

कडबाकुट्टी यंत्रांच्या कंपनीत भागधारक दोनच: गहिनीनाथ आणि त्याची बायको चांगुणा. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय तिच्या स्वयंपाकघरात, रजिस्टरं डाळीच्या डब्यांत. म्हणून ती रुसून शेवगावला माहेरी बसलेली. दोघं हजर नसतील तर वार्षिक सभा नाही, आणि सभेशिवाय सरकार कागद घेत नाही. मुदतीला दोन दिवस उरले, तसा गहिनीनाथ सभेची वही घेऊन नगरहून सासऱ्यांच्या ओसरीवर थडकला. “म्हैनाभरात एकच पत्र, तेबी सभेची नोटीस!” चांगुणा फणकारली. तरी सभा भरली, आणि तिनं ठराव मांडला: “कार्यालय तुमच्या आईच्या खोलीत हलवा, तरच मी नगरला यीन.” “अगं, आई काय म्हणंल?” “आत्याबाई भागधारक हाईत व्हय?” गहिनीनाथनं वही उघडून ठराव लिहिला. दोघांचे हात वर झाले. सासऱ्यांनी तर दोन्ही हात वर केले. ती मतं बाद ठरली.