उजवीकडचा डाग

पावणे गावच्या कबड्डी संघातली योगिनी दोन वर्षांत पाच वेळा न्यूमोनियाने आडवी झाली. एक डॉक्टर दमा म्हणाले, दुसरे टीबी. “खेळ सोड आता,” आईने हात जोडले. योगिनीने मात्र सगळे एक्स-रे नव्या डॉक्टरांच्या टेबलावर ओळीने मांडले. “मॅडम, डाग दरवेळी उजवीकडे खालीच का?” मॅडमनी ते पुन्हा पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी श्वासनलिकेत दुर्बीण घातली. आत सीताफळाची बी अडकली होती; ती लगेच काढली. दोन वर्षांपूर्वी सरावानंतर सीताफळ खाताना हसता हसता ठसका लागला होता, तेव्हाची. चार महिन्यांनी द्रोणागिरीच्या मैदानावर ती शेवटच्या चढाईला उतरली. संघ एका गुणाने मागे होता. तिघींनी तिला खाली पाडलं, तरी ‘कबड्डी कबड्डी’ थांबलं नाही. त्याच दमात सरपटत तिने मध्यरेषेला हात टेकवून सामना जिंकला. आई शेजारणीला म्हणाली, “दम हाय पोरीत.”