रमच्या बरण्या

आजारपणानं तीस वर्षं घरात डांबलेल्या निसर्गतज्ज्ञ अँब्रोजनं जग पाहिलं ते हेस्केथच्या पत्रांतून. आरमारातला हा मित्र बेटाबेटांवरच्या गोगलगायी टिकाव्यात म्हणून रमच्या बरण्यांत घालून, बेटाच्या नावाची चिठ्ठी डकवून धाडायचा. कुठली गोगलगाय कुठल्या बेटाची, यावरच अँब्रोजचा ग्रंथ उभा होता. ग्रंथाला पदक जाहीर झालं, आणि हेस्केथ रडतच आला. “खलाशांनी बरण्यांतली रम ढोसली, गोगलगायी डेकवर ओतल्या. कुठली कुठल्या बेटाची, मी अंदाजानं लिहिलं.” “गाढवा! आणि इतकी वर्षं पत्रांत हवापाणी लिहीत बसलास?” “तू खूश होतास रे.” अँब्रोज पेटला. खरं सांगावं तर मित्राची अब्रू जाते; झाकावं तर आपण खोटारडे. त्यानं पदक नाकारणारं पत्र खरडलं, गफलत करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवून पुढे सरकवलं. “लिही तुझं नाव.” हेस्केथचा हात उठेना. अँब्रोजनं शिवी हासडून स्वतःचंच नाव लिहिलं.