सोनोग्राफीचा सण

बायको बेबी गेल्यापासून श्रीपतच्या तेलीबाग मोहल्ल्यातल्या घरी दिवाळीलाही कुणी येत नसे. पोरं जमायची ती त्याच्या सोनोग्राफीला. त्याच्या यकृतात हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ होती. वाढली तर कॅन्सरची भीती, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली. नागपूरहून प्रिया यायची, भोपाळहून पिंटू. तपासणी उरकली की घरात पुडाच्या वड्या तळल्या जायच्या. वास पलीकडे गेला की शेजारचे मिश्राजी कुंपणावरून विचारायचे, "भाईसाहब, आज कौन सा त्योहार है?"

"सोनोग्राफी," श्रीपत सांगायचा.

या खेपेला पिंटू आधी आत जाऊन डॉक्टरांना रिपोर्ट देऊन आला. मग प्रिया काहीतरी विचारून आली. शेवटी श्रीपतला बोलावलं.

"बधाई हो अंकल," डॉक्टर म्हणाले. "दो साल में गाँठ ज़रा भी नहीं बढ़ी. अब छह महीने में एक बार आइए."

श्रीपतचं तोंड उतरलं. "ठीक से देखा ना? थोड़ी तो बढ़ी होगी?"

"बिल्कुल नहीं."

श्रीपतने बंद दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "तो डॉक्टर साहब, बीच में किडनी देख लिया कीजिए."

डॉक्टरांना हसू आवरेना. "अंकल, किडनी का तो आपके बेटे कह गए. बिटिया पित्त की थैली का बोल गई हैं. आप कुछ और सोचिए."