एक शेगडी, दोन पातेली

गेल्या वर्षी वारलेले वामनराव यंत्रातून बोलता बोलता पुन्हा थबकले, आणि लगेच पलीकडच्या खोलीत शेवंताबाईंची मेलेली लेक बोलू लागली. कुमुदिनीने तंत्रज्ञबाईंना हाक मारली.

"दारावर पाटी सोळा कोरची, आत माणसं सोळा. मग आमचेच हे मध्ये मध्ये का बंद पडतात?"

बाईंनी यंत्र उघडून नीट मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काकू, कोर, म्हणजे यंत्राचे खरे मेंदू, आठच आहेत. पाटीवाल्यांनी थ्रेड मोजले, एका कोरवर दोन-दोन. म्हणजे तुमचे हे आणि पलीकडची पोर, शेगडी एक, पातेली दोन. एक चढवलं की दुसरं उतरवायचं, आणि दर चढउतारात थोडं थोडं सांडतं."

"दोघांचंही?"

"दोघांचंही. वर्षभरात काही उरणार नाही. एकाला कायमचं उतरवलं, तर दुसरं टिकेल."

भिंतीपलीकडे शेवंताबाई कळवळून म्हणत होत्या, "बोल ना गं, सोने."

इकडे वामनराव परत आले. "हं, तर मी काय सांगत होतो..."

"अहो, चाळीस वर्षं तुम्हीच बोललात," पडद्यावरून हात फिरवत कुमुदिनी म्हणाली. "आता त्या पोरीला बोलू द्या."

"बरं," ते म्हणाले. इतक्या चटकन त्यांनी जिवंतपणी कधी ऐकलं नव्हतं.

तिनं त्यांना कायमचं उतरवायची कळ दाबली. पलीकडची पोर बोलू लागली, ती थांबलीच नाही.