यादीतला तिसरा नंबर

सगळ्यांना सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळावेत म्हणून मी दुखऱ्या गुडघ्यांनी दारोदार सह्या गोळा करत फिरले. धाकट्या जावेने तेव्हा सही करायचंही टाळलं. "ताई, सरकारी रांगेत कोण ताटकळत बसणार?" म्हणाली होती. पुढे योजना आली, दिरांच्या कंपनीचा विमा त्यांच्या निवृत्तीबरोबर संपला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाईसाहेब माझ्याच बाकावर येऊन बसल्या!

यादी लागली. माझा नंबर एकेचाळीस, तिचा तीन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या घरी लिफ्ट, धुण्याभांड्याला बाई, तिचे गुडघे झिजतीलच कशाने? म्हणून तर सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मीच म्हटलं होतं, "त्यांना धाकटीकडे ठेवा, तिला काय काम असतं?"

मी तिला हाताला धरून तडक डॉक्टरांसमोर उभी केली. "इथे वशिला चालत नाही ना? मग ही माझ्याआधी कशी?"

"ज्याचा गुडघा जास्त खराब, त्याचा नंबर आधी," म्हणत डॉक्टरांनी आम्हा दोघींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि तिच्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमचे सांधे तर पार घासलेत. रोज काही जड उचलायचात का?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली,


"सासूबाईंना. नऊ वर्षं."